२०१३च्या लॅपटॉपला एसएसडी बसवली, पाच महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

आधीच निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढचं वाचत बसायला नको. घरात दहा-बारा वर्षांचा लॅपटॉप असेल, स्क्रीन आणि कीबोर्ड धड असेल, फक्त चालू व्हायला चहा उकळून गाळून होईपर्यंत वेळ घेत असेल, तर तो भंगारात देऊ नका. त्याची हार्ड डिस्क काढा आणि एसएसडी, म्हणजे फिरणारा भाग नसलेली चिपवरची डिस्क, बसवा. मला सगळं मिळून ४,८०० रुपये लागले आणि गेले पाच महिने तो लॅपटॉप रोज चालतोय, रोज म्हणजे खरंच रोज, कारण तो बाबांचा आहे आणि बाबा सकाळी पूजा आटोपली की त्याच्यासमोर बसतात ते जेवायची हाक मारेपर्यंत.

लॅपटॉप मी २०१३ मध्ये माझ्यासाठी घेतला होता. थर्ड जनरेशनचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, आणि हो, डीव्हीडी ड्राइव्ह, हे पुढे कामाला येणार आहे. मला ऑफिसचा लॅपटॉप मिळाला तसा हा बाबांकडे गेला. बाबा रिटायर्ड गणिताचे शिक्षक, त्यांनी आयुष्यभर केलेल्या प्रश्नपत्रिका, आणि आमच्या घराण्याची सात पिढ्यांची वंशावळ, जी त्यांनी गावोगाव पत्रं लिहून, लग्नाकार्यात म्हाताऱ्या माणसांना विचारून वीस वर्षं जमवली, ती सगळी यात. बॅकअप कुठेच नाही. हे मला माहीत असायला हवं होतं पण नव्हतं.

गेल्या सप्टेंबरात तो अडायला लागला. चालू केला की पाच-सहा मिनिटं नुसतं गोल फिरत राहायचं, टास्क मॅनेजर उघडला तर डिस्क १०० टक्के, वर्डची फाइल उघडायला सांगितली की आतून किट् किट् आवाज आणि सगळं ठप्प. एका सर्व्हिस सेंटरला नेला. तिथल्या मुलाने दहा मिनिटं बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला मदरबोर्ड गेलाय मॅडम, १४ हजार होतील, त्यापेक्षा नवीनच घ्या. मी विचारलं डेटाचं काय, तर म्हणाला फॉरमॅट करूनच बघावं लागेल. मी लॅपटॉप उचलला आणि घरी आले. मदरबोर्ड गेलेला लॅपटॉप पाच मिनिटांनी का होईना चालू होतो का हो? आणि सत्तरीच्या माणसाच्या फायली न बघता फॉरमॅटची भाषा करायची, याचा मला आजही राग आहे.

घरी येऊन क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं. फुकट आहे, लहानसं आहे, प्रत्येकाने एकदा आपल्या डिस्कवर चालवून बघावं. पिवळ्या रंगात सावधानचा इशारा आला आणि खाली ‘करंट पेंडिंग सेक्टर’च्या रकान्यात ६८. एक लक्षात ठेवा, हे सॉफ्टवेअर ते आकडे हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या हिशेबाने दाखवतं, म्हणजे तिथले ६८ म्हणजे आपले १०४. डिस्कवरच्या १०४ जागा अशा की ज्या धड वाचता येत नव्हत्या. मदरबोर्डचा काही संबंध नव्हता, डिस्क मरत होती, आणि मरणाऱ्या डिस्कवर जितका वेळ विंडोज चालू ठेवाल तितकी ती अजून मरते. लगेच बंद केला.

दुसऱ्या दिवशी तपकीर गल्लीत. पुण्याबाहेरच्यांसाठी सांगते, बुधवार पेठेतली ही गल्ली म्हणजे वायर, कनेक्टर, रेझिस्टर, रिमोटचे सुटे भाग, जे काही विजेवर चालतं ते सगळं, आणि गर्दी अशी की खांद्यावरची बॅग पोटाशी धरूनच चालायचं. तिथे एका जिन्याखाली रिपेअरिंगवाले काका आहेत, आडवे दोन माणसं मावणार नाहीत एवढी जागा. मी डिस्कचं सगळं सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “ताई, आत काय आहे? फोटो का हिशेब?” मी म्हटलं वंशावळ आहे बाबांची. ते म्हणाले, “मग आज काही बोलत नाही. डिस्क ठेवून जा, परवा सांगतो.”

त्यांनी काय केलं ते मी नंतर विचारून घेतलं. डिस्क काढून स्वतःच्या, विंडोजऐवजी लिनक्स चालणाऱ्या मशीनला लावली आणि डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम चालवला. नुसतं कॉपी-पेस्ट केलं तर कॉम्प्युटर खराब जागेवर अडतो आणि तिथेच डोकं आपटत बसतो, त्यात डिस्क अजून घासली जाते. डीडीरेस्क्यू आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलून घेतो, अडेल त्या जागा सोडून पुढे जातो, कुठे कुठे अडलं त्याची नोंद एका फाइलमध्ये ठेवतो आणि मग शेवटी त्याच जागांकडे पुन्हा पुन्हा परत येतो. मध्येच बंद करून दुसऱ्या दिवशी पुढे चालू करता येतं. काकांनी दोन रात्री चालवलं, मध्ये डिस्क गार व्हायला दिली. तिसऱ्या दिवशी फोन आला, “ताई, तुमचं घराणं आलं बाहेर.” मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते, खरं सांगते, खालीच बसले.

गेलं काय तर विंडोजच्या काही फायली आणि एका लग्नाचे चार-पाच फोटो. या कामाचे त्यांनी ७०० रुपये घेतले. मी जास्त देत होते, घेतले नाहीत.

आता एसएसडी. मी किंग्स्टनची ए४००, ४८० जीबीची घेतली, २,९०० ला पडली, त्यानंतर मेमरीचे भाव चढलेत तेव्हा तुम्हाला जास्त पडेल. ४ जीबीची अजून एक रॅम सेकंडहँड ६०० ला, बायोसचा सेल (लॅपटॉप बंद असताना तारीख-वेळ सांभाळणारा) ५०, आणि पंखा साफ करणं, थर्मल पेस्ट, बसवणं मिळून ५५०. पंख्यातून निघालेला धुळीचा थर फेल्टच्या तुकड्यासारखा अख्खा उचलून आला. सेलचं पण सांगते कारण हे खूप जणांना छळतं, लॅपटॉप चालू केला की तारीख २०१२ ची व्हायची, आणि तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक साइटला ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणतो, कारण त्या साइटचं सर्टिफिकेट त्याच्या हिशेबाने अजून जन्मालाच आलेलं नसतं. बाबा वर्षभर समजत होते की व्हायरस आहे. ५० रुपयांचा सेल.

फरक किती पडतो? आधी पाच मिनिटं, आता बटण दाबल्यापासून १८ सेकंद, मी घड्याळ लावून मोजलंय. कारण सोपं आहे. जुनी डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद, हवा तो भाग फिरत सुईखाली यायला सरासरी त्याच्या निम्मे, त्याआधी सुई त्या रांगेवर सरकायचा वेळ वेगळाच. एक फाइल असेल तर कळत नाही, पण विंडोज सुरू होताना हजारो बारीकसारीक फायली वाचतो आणि प्रत्येक वेळी ही वाट बघणं. एसएसडीत फिरणारं काही नाहीच. म्हणून सेकंदाला ५०० एमबी वगैरे जे डब्यावर लिहिलेलं असतं त्याच्याकडे फार लक्ष देऊ नका, खरी मजा त्या बारीक फायलींत आहे.

खोट काय ते पण सांगायला हवं. या एसएसडीत पटकन लिहायची वेगवान जागा (कॅशे) थोडीच असते, त्यामुळे एकदम ३०-४० जीबीचं फोल्डर टाकलं तर सुरुवातीला पळते आणि मग ती जागा भरली की स्पीड चांगलाच पडतो. बाबांच्या वापराला काही फरक नाही, व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी मात्र दुसरी बघावी. जाडी ७ मिमी असते, जुनी डिस्क ९.५ ची होती, तर खाली पट्टी लावून घ्या नाहीतर खाचेत खडखड हलते. काकांनी प्लॅस्टिकची पट्टी कापून लावली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हार्ड डिस्क जाताना किट् किट् करून सांगते तरी, एसएसडी कधीकधी एका सकाळी गप्प होते आणि मग डीडीरेस्क्यूला धरायलाही काही उरत नाही. आता दर रविवारी मी एका जुन्या पेन ड्राइव्हवर बाबांचं फोल्डर कॉपी करते.

विंडोजचा प्रश्न होता. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, दिवाळीच्या अगदी तोंडावर, आणि विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा इंटेल प्रोसेसर लागतो, म्हणजे हा लॅपटॉप बाद. विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स मिंट टाकलं, २२वी आवृत्ती, तिला २०२९ पर्यंत सपोर्ट आहे. बाबांना मी मेनू डाव्या कोपऱ्यात आहे एवढंच दाखवलं. त्यांनी काही विचारलं नाही.

भाऊबीजेला मालेगावहून दादा आला, माझा मामेभाऊ. मी लहानपणी सगळ्या सुट्ट्या मामाकडे मालेगावला काढल्या आहेत. त्याने ओवाळणीसोबत माझ्या हातात एक पुडकं ठेवलं, आत रावळगावच्या गोळ्या, पान पसंद आणि मँगो मूड. रावळगाव म्हणजे मालेगाव तालुक्यातलंच गाव, वालचंद हिराचंदांनी १९३३ मध्ये तिथे साखरेचा कारखाना उभा केला आणि १९४० च्या दशकात गोळ्या सुरू झाल्या. आमच्यासाठी तो ब्रँड वगैरे नव्हता, शेजारच्या गावचा माल होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये ही सगळी नावं रिलायन्सने २७ कोटींना घेतली ती बातमी वाचली तेव्हा दादाचाच पहिला फोन आला होता, दोन मिनिटं दोघंही काही बोललो नाही. २७ कोटी म्हणजे पुण्यात चांगल्या भागातल्या दहा-पंधरा फ्लॅटची किंमत हो, आणि पान पसंद त्यात.

चव? मी डोळे मिटून खाल्ली. पान पसंद आधी नुसतीच गोड लागते, मग जिभेच्या मागच्या बाजूला पानाचा तो थंडसर वास येतो आणि नाकात चढतो, तो तसाच आहे. मला ती तेव्हाही चावायची सवय नव्हती, गालात ठेवून द्यायची, शेवटी कागदासारखी पातळ होते आणि जिभेला कड लागते, ती कडही तशीच लागली. मँगो मूड दादाची आवडती, मला आता जरा जास्तच गोड वाटली.

या गोळ्या आम्ही खायचो कुठे, तर मालेगावातल्या एका कॉम्प्युटर क्लासच्या बाहेर. संध्याकाळी बॅच संपली की क्लासवाले सर अर्ध्या तासाचे ५ रुपये घेऊन गेम खेळू द्यायचे, शेजारच्या टपरीवर सुट्टे नसले की पैशांऐवजी गोळ्या मिळायच्या. गेम एकच, प्रिन्स ऑफ पर्शिया. दादा खेळायचा, मी शेजारी बसून स्पेसबार दाबायचे, किती मिनिटं उरली ते दिसतं त्याने. राजकन्येला वाचवायला एकच तास, आणि तो तास खरा घड्याळाचा.

तर दादाने गोळ्यांसोबत त्याची २००१ सालची एक सीडीही आणली होती, आणि या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह असल्यामुळे ती चक्क लागली. मिंटवर डॉसबॉक्स, म्हणजे जुने डॉसवरचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर टाकलं, फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून माउंट केलं, सुरुवातीला थोडा मंद होता तर कंट्रोल एफ१२ दाबून सायकल, म्हणजे त्याचा वेग, वाढवल्या, आणि तो पांढऱ्या कपड्यातला माणूस तळघरात उतरला. तो कसा धावतो बघा. हा गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि एकेका फ्रेमवरून चित्रं काढली, म्हणून कड्याला लोंबकळल्यावर त्याचे पाय अगदी आपल्यासारखे झुलतात. १९८९ चा गेम आहे, ॲपल टू या जुन्या कॉम्प्युटरवर आधी आला आणि डॉसवर १९९० मध्ये.

चौथ्या लेव्हलला आरसा येतो. पळत येऊन त्याच्यातून आरपार उडी मारायची, की आपल्यातूनच एक सावली निघून पलीकडे पळते आणि आपल्याकडे एकच जीव उरतो. पुढे ती सावली आपल्या आधी औषध पिऊन टाकते, दार लावून घेते. बाराव्या लेव्हलला समोरासमोर येते, तलवार घेऊन. आम्ही मालेगावात इथेच अडकलो होतो. तिला मारलं की आपल्यालाच लागतं, ती मेली की आपण मेलो. दादाने दोन सुट्ट्या आणि खाऊचे सगळे पैसे घालवले तिथे, मग क्लास बंद झाला.

मी मध्यंतरी मेकनरबद्दल बरंच वाचलं, त्याच्या त्या काळातल्या डायऱ्या पुस्तकरूपात निघाल्यात, प्रोग्रामिंग आवडत असेल तर जरूर वाचा, चार वर्षं एका गेमवर काढणाऱ्या पोराचं मन त्यात उघडं दिसतं. ही सावली त्याने मुद्दाम आखलेली नव्हती. मेमरी संपली होती, नवीन शत्रूची चित्रं ठेवायला जागा नव्हती. म्हणून त्याने राजपुत्राचीच चित्रं घेतली, एक बिट सरकवून स्वतःवरच एक्सऑर केली (म्हणजे जिथे दोन्ही चित्रं सारखी तिथे पुसायचं, वेगळी तिथे ठेवायचं), आणि थरथरणारी बाह्याकृती उरली. त्या ॲपल टू आवृत्तीचा सोर्स कोड पुढे हरवलाच होता, २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरात एका खोक्यात जुन्या फ्लॉप्या सापडल्या. वीसेक वर्षांच्या फ्लॉप्या, चुंबकीय थर कधीही दगा देईल अशा, तर त्यातल्या जाणकारांना बोलावून, जुनी मशिनं जमवून त्यांनी त्या वाचून काढल्या आणि सगळा कोड सर्वांसाठी खुला केला. मी हे दादाला सांगत होते आणि मला जिन्याखालचे काकाच दिसत होते.

बाराव्या लेव्हलला आलो तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. मी दादाला म्हटलं तलवार म्यान कर. त्याने माझ्याकडे बघितलं. खालचा बाण दाब, म्यान कर आणि नुसता चालत जा. त्याने केलं. सावलीनेही तलवार खाली घेतली, दोघं एकमेकांकडे धावले, स्क्रीन चमकली आणि एकच माणूस उरला. पन्नाशीला आलेला माणूस, तीन मुलांचा बाप, कीबोर्डवरचा हात काढून नुसता बसून राहिला. मग म्हणाला, “मारायचं नव्हतंच का?”

आता बाबांच्या फायलींचं. डेटा आला खरा, पण उघडला तर सगळं अगम्य, रोमन अक्षरं, टिंबं, पौंडाची चिन्हं. बाबांनी सगळं श्रीलिपीत टाइप केलेलं. ज्यांनी डीटीपी केलंय त्यांना लगेच कळेल. पुण्याच्याच मॉड्युलरची श्रीलिपी, एके काळी मराठीतली अर्धी छपाई तिच्यावर चालायची, पण त्या फॉन्टमध्ये फाइलच्या आत मराठी अक्षर नसतंच, आत रोमन कोड असतो आणि फॉन्ट त्याला क किंवा ख चं रूप देतो. फॉन्ट गेला की मराठी गेली. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची जागा आहे, म्हणून आपण आज फोनवरही वाचतो.

कन्व्हर्टर मिळतो, मी एक्सेलच्या एकेका कॉलमला लावला आणि नव्वद टक्के काम झालं. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर, तीही त्याने नीट फिरवली. फसला तो अर्ध्या ऱ वर. सातार्या, वर्हाड, दुसर्या, असा सगळीकडे रफार. हे मराठीसारख्या थोड्याच भाषांचं दुखणं आहे, हिंदीवाल्यांना तो ऱ लागतच नाही, म्हणून बहुतेक कन्व्हर्टर त्याची पर्वा करत नाहीत. सात पिढ्यांत असे दोन-अडीच हजार शब्द. मी म्हटलं फाइंड-रिप्लेसने करून देते. बाबा नको म्हणाले, आचार्य, सूर्याजी, धैर्यशील यांचा रफार खराच आहे, तुझं मशीन त्यांचीही वाट लावेल. आणि ते बरोबर होतं.

म्हणून मिंटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावून दिला, तोच जो सरकारने भारतीय भाषांसाठी प्रमाण ठरवला आणि आता सगळीकडे असतो. बाबांचा हात टाइपरायटरचा, चौऱ्याहत्तराव्या वर्षी नवीन पाटी. कॅलेंडरच्या मागे त्यांनी स्केच पेनने लिहून ठेवलंय, शिफ्ट जे, डी, स्लॅश, ई, म्हणजे ऱ्या. पहिल्या आठवड्यात बोटाने शोधत होते, आता बघावं लागत नाही. मी स्वयंपाकघरातून ऐकते, चार ठक् ठक् आणि मग थांबतात, वाचून बघतात, पुढचा.

काल संध्याकाळपर्यंत पाचवी पिढी झाली. तिथे एका चुलत आजीच्या सासरचं गाव साताऱ्याचं की साताऱ्याजवळचं यावर ते अडलेत, आणि दादाला फोन लावून मामीला विचारायला सांगितलंय.